ट्रेडमिल नाही, फुफ्फुसांची क्षमता मोजणारा स्पायरोमीटर नाही. मग पेशंटचा दम जोखायचा कसा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात तुम्ही नव्याने रुजू झाला आहात. हर्निया, पित्ताशय, गर्भाशय अशा ठरवून करायच्या शस्त्रक्रियांचे पेशंट भुलीआधी तपासायचं काम तुमच्याकडे आलंय. हाताशी ई.सी.जी., ऑक्सिमीटर, बी.पी.चं यंत्र आणि स्टेथोस्कोप एवढंच आहे. हृदय आणि फुफ्फुसं किती ताण पेलतील हे सांगणारी एखादी सोपी, खात्रीची चाचणी तुम्हाला हवी आहे, आणि श्वास रोखून धरायची चाचणी त्यासाठी पुरते का, असंही तुम्ही विचारलंय.

नाही, पुरत नाही. का ते पुढे सांगतो. पण एकच चाचणी शोधायची ही दिशाच मला पटत नाही. तुम्हाला ठरवायचंय ते इतकंच की या माणसाच्या हृदय-फुफ्फुसांकडे या शस्त्रक्रियेपुरती ताकद शिल्लक आहे का, आणि नसेल तर उद्या सकाळी मी काय वेगळं करणार? मोतीबिंदू डोळ्यापुरती भूल देऊन काढायचा असेल, तर पेशंट अर्धा तास उताणा पडून राहू शकतो का, खोकल्याची उबळ येते का, एवढं कळलं तरी बरंचसं भागतं. त्याच माणसाचं पोट वरच्या बाजूला उघडायचं असेल तर हिशेब बदलतो. शस्त्रक्रियेनंतर काही दिवस शरीराची ऑक्सिजनची गरज वाढलेली असते, टाक्यांच्या दुखण्याने खोल श्वास घेववत नाही, खोकला काढवत नाही. ते दिवस निभावून नेण्याची ताकद आपल्याला आधी जोखायची असते. टेबलावरचे दोन तास आपण सांभाळतोच.

सुरुवात प्रश्नांनी करा, पण ‘दम लागतो का?’ हा प्रश्न विचारू नका. आमच्या भागात त्याचं उत्तर ठरलेलं आहे: ‘न्हाई वो डॉक्टर, काय बी तरास न्हाई.’ यात खोटेपणा नसतो. दम लागायला लागला की माणूस नकळत कामं कमी करतो. विहिरीवर जाणं सुनेकडे जातं, माळ्यावरचं धान्य मुलगा उतरवतो, देवळाला खालूनच नमस्कार होतो. मग दम लागणार कधी? संधिवाताच्या तापानंतर हृदयाची झडप आकसलेल्या तरुण बायकांमध्ये तर हे फार दिसतं. वर्षानुवर्षं त्या आपला वेग कमी करत आलेल्या असतात, आणि घरच्यांना वाटतं पोरगी मुळात शांतच आहे.

म्हणून विचारा: दोन वर्षांपूर्वी करत होता आणि आता करत नाही असं काय आहे? कधी सोडलं? का सोडलं? गुडघ्यामुळे की छातीमुळे? हा शेवटचा फरक सोडू नका. पेशंट ‘जमत नाही’ म्हणतो, पण कशामुळे जमत नाही हे आपणच काढून घ्यावं लागतं. आणि नातेवाइकाला वेगळं विचारा. ‘बाबा काहीच करत नाहीत हो आता’ हे वाक्य मुलीच्या तोंडून येतं, बाबांच्या नाही.

या उत्तरांना आकड्यात बांधायची सोय आहे. स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला दर किलो वजनामागे साधारण 3.5 मिलिलिटर ऑक्सिजन वापरतो, त्याला एक मेट म्हणतात. न थांबता दोन जिने चढता आले तर चार मेटची क्षमता आहे असं आपण धरतो, आणि मोठ्या शस्त्रक्रियेसाठी ही रेघ बरीच वर्षं वापरात आहे. गोम अशी की डॉक्टरने नुसतं बोलून ‘याला चार मेट जमत असतील’ असा अंदाज बांधला तर तो फार चुकतो. 2018 साली ‘लॅन्सेट’मध्ये मेट्स नावाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधल्या रुग्णालयांतले 1401 पेशंट त्यात होते. ज्यांची क्षमता सायकलवरच्या मोजमापात खरोखर चार मेटपेक्षा कमी निघाली, त्यांच्यापैकी जेमतेम 19 टक्के लोक डॉक्टरांच्या अंदाजाने ओळखता आले होते. म्हणजे पाचातले चार निसटले. आपला अनुभव दांडगा आहे असं वाटणाऱ्या प्रत्येकाने, माझ्यासकट, हा आकडा लक्षात ठेवावा.

त्याच अभ्यासात अंदाजापेक्षा बरी ठरली ती एक साधी प्रश्नावली, ड्यूक ॲक्टिव्हिटी स्टेटस इंडेक्स. 1989 पासूनची आहे. बारा प्रश्न, प्रत्येकाला हो किंवा नाही, आणि प्रत्येक ‘हो’ला ठरलेले गुण. आपलं आपण अंघोळ-कपडे करता येणं 2.75, जिना किंवा चढ चढता येणं 5.5, घरातलं जड काम 8, थोडं अंतर पळता येणं 8. सगळे ‘हो’ आले तर बेरीज 58.2 होते. 34 च्या खाली बेरीज आली की मी सावध होतो. त्याच पेशंटांच्या माहितीवर पुढे झालेल्या विश्लेषणातून ही रेघ आली आहे. कागदाला पैसे पडत नाहीत आणि पाच मिनिटांत काम होतं.

अडचण आहे ती प्रश्नांच्या पोशाखाची. गोल्फ खेळता का, पोहता का, असं आमच्या पेशंटला विचारून काय मिळणार? तेवढ्याच श्रमाची इथली कामं शोधावी लागतात. मी विचारतो: भरलेला हंडा डोक्यावर घेऊन चढ चढता का? चादरी हाताने धुऊन पिळता का? शेतात दिवसभर खुरपता की बांधावर बसून खुरपणाऱ्या बायकांवर लक्ष ठेवता? एस.टी. सुटत असली तर पळून धरता का? वारीला जात असाल तर दिवे घाट चालत चढलात की गाडीत बसलात? पुण्याचा पेशंट असेल तर पर्वतीच्या पायऱ्या, मुंबईचा असेल तर स्टेशनचा पूल. दोन-चार पिढ्यांना माहीत असलेला तुमच्या गावचा एखादा चढ असेलच, तो तुमच्या भागापुरतं माप म्हणून धरा. मात्र असे बदल केले की मूळ प्रश्नावलीची बेरीज काटेकोर राहत नाही हेही ध्यानात असू द्या. 33 आणि 35 मधल्या फरकावर मी निर्णय घेत नाही. 15 आणि 45 मधल्या फरकावर नक्की घेतो.

उत्तरं ऐकून झाली की त्याला उठवा आणि चालवा. ऐकलेलं आणि पाहिलेलं जुळतं का, हेच तर बघायचं असतं.

सहा मिनिटांची चालण्याची चाचणी तुम्हाला माहीत असेल. कोविडच्या दुसऱ्या लाटेत ती घराघरांत पोचली होती, पण तेव्हा बघायचं होतं ते मुख्यतः ऑक्सिजन खाली येतो का एवढंच. इथे अंतरही मोजायचं आहे, म्हणून थोडी शिस्त लागते. 30 मीटरचा सरळ, सपाट पट्टा हवा. तुमच्या रुग्णालयाचा व्हरांडा तेवढा नसेल तर 20 मीटर घ्या, पण मग वळणं वाढतात, प्रत्येक वळणाला वेग मोडतो आणि अंतर कमी भरतं. म्हणून जागा एकदा ठरवा, जमिनीवर रंगाने खुणा करा आणि दर वेळी तीच जागा वापरा. पेशंटला दहा मिनिटं बसू द्या. पल्स, बी.पी., सॅच्युरेशन (ऑक्सिमीटरवर दिसणारी रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी), आणि दम किती लागलाय ते शून्य ते दहा अशा मापात लिहून घ्या. मग सांगा: सहा मिनिटांत जास्तीत जास्त चालायचं, पळायचं नाही, थांबावंसं वाटलं तर भिंतीला टेकून थांबा, घड्याळ मात्र चालू राहील.

आपण पेशंटच्या शेजारून चालायचं नाही. शेजारून चाललात की तो तुमच्या वेगाने चालतो. नातेवाइकालाही बाकावर बसवा, नाहीतर मुलगा ‘आई, चल गं पटपट’ म्हणत निम्मी परीक्षा स्वतःच देतो. दर मिनिटाला एवढंच बोला: ‘छान चाललंय, अजून चार मिनिटं आहेत.’ प्रोत्साहनाने अंतर वाढतं, म्हणून ते सगळ्यांना सारखंच द्यायचं. पायात रोजची चप्पल असू द्या. नव्या पेशंटला लाज वाटते, विशेषतः बायकांना भर व्हरांड्यात चालायला, ओ.पी.डी.ची गर्दी ओसरल्यावर घेतलेलं बरं.

किती अंतर म्हणजे ठीक? निरोगी प्रौढ साधारण 400 ते 700 मीटर चालतात. वय, उंची, वजन यांवर ते बदलतं. मोठ्या शस्त्रक्रियेआधीच्या पेशंटवर झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासाने 563 मीटरच्या पुढे गेलेल्यांना कमी जोखमीचं मानलं आणि 427 च्या आत राहिलेल्यांची पुढची तपासणी करावी असं सुचवलं. हृदय कमजोर असलेल्यांत 300 च्या आतलं अंतर वाईट लक्षण आहे. परदेशी समीकरणांमधून ‘अपेक्षित अंतर’ काढून आपल्या साठीच्या, पाच फुटी आजीला नापास करू नका, एवढी विनंती. अंतराइतकंच महत्त्वाचं आहे ते कसं चालले हे. सॅच्युरेशन चार किंवा जास्त अंकांनी उतरलं, तर बसलेल्या अवस्थेतलं 96 मला दिलासा देत नाही. आयुष्यभर चुलीपुढे बसलेल्या, कधी विडीला हात न लावलेल्या बायकांमध्ये हे वारंवार सापडतं. बसल्या जागी सगळं छान, एक्स-रेही फारसं बोलत नाही, आणि तिसऱ्या मिनिटाला यंत्र 88 दाखवतं.

जागा किंवा वेळ नसेल तर एक मिनिटाची उठबस घ्या. हात नसलेली, साध्या उंचीची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवायची, पेशंटने हात छातीशी बांधायचे आणि मिनिटभरात किती वेळा पूर्ण उठून बसतो ते मोजायचं. यात सॅच्युरेशन पुष्कळदा थांबल्यानंतर तळाला जातं, म्हणून पेशंट बसला की लगेच बोटावरचं यंत्र काढू नका. आणखी मिनिट-दोन मिनिटं बघत राहा.

जिना ही माझी सगळ्यात आवडती चाचणी. एका मजल्याच्या पायऱ्या एकदा मोजून ठेवा, म्हणजे ‘दोन जिने’ याचा तुमच्या इमारतीतला अर्थ कागदावर राहील. पेशंटच्या एक-दोन पायऱ्या मागे, म्हणजे खालच्या बाजूला राहा. कठड्याला तोल सांभाळण्यापुरता हात चालेल, कठडा धरून अंग वर ओढायचं नाही. वर खुर्ची ठेवलेली हवी. वर पोचल्यावर पेशंट पूर्ण वाक्य बोलतो की दोन शब्दांवर अडतो, ते ऐका. पल्स लगेच आणि एक मिनिटाने मोजा. ट्रेडमिलवरच्या अभ्यासांत व्यायाम थांबल्यावर पहिल्या मिनिटात पल्स 12 किंवा त्याहून कमी ठोक्यांनी उतरणं चांगलं मानलं जात नाही. जिन्याला तो आकडा जसाच्या तसा लागू नाही, पण मिनिटानंतरही पल्स जिथल्या तिथे असेल तर मी त्याची नोंद घेतोच.

आता श्वास रोखण्याबद्दल. भूलशास्त्राच्या तोंडी परीक्षेत सॅब्रासेझची चाचणी आपण सगळ्यांनी म्हणून दाखवली आहे: पूर्ण श्वास भरून तो किती वेळ रोखता येतो ते मोजायचं, 25 सेकंदांच्या वर ठीक, 15 च्या खाली शिल्लक फारच कमी. पेशंटला 10 सेकंदही जमत नसेल तर ते दुर्लक्ष करण्यासारखं नाही, हे मान्य. पण उलट बाजू फसवी आहे. रोज पहाटे प्राणायाम करणारे आजोबा आरामात मिनिटभर श्वास धरतात; त्यांच्या हृदयाबद्दल त्यातून काहीच कळत नाही. घाबरलेली बाई आठव्या सेकंदाला सोडून देते, आणि तिची फुफ्फुसं ठणठणीत असतात. सवय, धीर आणि समजावणाऱ्याचं कौशल्य यावर इतकं अवलंबून असलेलं माप मी दुसऱ्या चाचणीच्या जोडीशिवाय कधीच वापरत नाही.

त्यापेक्षा जोरात श्वास सोडायला किती वेळ लागतो ते मोजा. स्टेथोस्कोप गळ्याच्या खाचेशी, श्वासनळीवर ठेवा. पूर्ण श्वास भरून तोंड उघडं ठेवून जोरात, शेवटपर्यंत सोडायला सांगा. आवाज सहा सेकंदांपेक्षा जास्त ऐकू येत राहिला तर श्वासनलिका अरुंद झाल्या असल्याचा दाट संशय घ्या. तोंडापासून वीतभर अंतरावरची पेटती काडी ओठांचा चंबू न करता विझवायची चाचणीही पुस्तकात आहे, पण ऑक्सिजनचे सिलिंडर असलेल्या खोलीत काडी ओढणाऱ्याला आमची सिस्टर बाहेर काढेल, आणि बरोबरच करेल. शक्य असेल तर पीक फ्लो मीटर, म्हणजे जोरात फुंकलेल्या श्वासाचा वेग मोजणारी नळी, मात्र मागवा. स्वस्त आहे, वर्षानुवर्षं टिकतं, आणि इनहेलरच्या आधी-नंतरचा फरक लगेच दाखवतं. शेवटी पेशंटला एकदा खोकायला सांगा. खोकला ओला आहे का, एकदा सुरू झाला की थांबत नाही का, त्यात जोर आहे का? शस्त्रक्रियेनंतर कफ बाहेर काढायला हाच खोकला लागणार आहे.

आकडे कुठे फसवतात तेही सांगायला हवं. सगळ्यात आधी रक्त. अंगावरून जास्त जातं म्हणून गर्भाशय काढायला आलेली बाई, हिमोग्लोबिन 6, सॅच्युरेशन मात्र 99. यंत्र खोटं बोलत नाही. आहे तेवढं हिमोग्लोबिन ऑक्सिजनने भरलेलं आहे, पण मुळात ते आहेच किती! ती 200 मीटरवर धापा टाकते, पल्स 130 ला जाते, आणि कोणीतरी तिला इकोसाठी, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीसाठी, जिल्ह्याला धाडतं. तिला आधी लोह किंवा रक्त हवंय. त्यामुळे दम लागणाऱ्या प्रत्येक पेशंटची पापणी खाली ओढून बघा आणि हिमोग्लोबिनच्या रिपोर्टशिवाय चालण्याच्या चाचणीचा अर्थ लावू नका. मेटोप्रोलॉल किंवा ॲटेनोलॉल ही हृदयाचे ठोके कमी ठेवणारी औषधं चालू असतील तर पल्स फारशी वाढणार नाही, तिथे दमाच्या मापावर विसंबा. जुना मधुमेह असेल तर छातीत दुखलं नाही याचा अर्थ हृदयाला ताण आला नाही असा धरू नका. बोटांवर गडद मेंदी किंवा नेलपॉलिश असेल, हात गार पडले असतील, तर यंत्र कानाच्या पाळीला लावता येतं का बघा. आणि गुडघे. गुडघ्यांमुळे 150 मीटरवर थांबलेल्या पेशंटच्या हृदयाबद्दल तुम्हाला ‘माहीत नाही’ एवढंच म्हणता येतं. हृदय वाईट आहे असंही नाही, चांगलं आहे असंही नाही.

काही जणांना चालवायचंच नाही. गेल्या महिन्याभरात हार्ट ॲटॅक आलेला किंवा बसल्या जागी छातीत दुखणारा पेशंट, बसलेला असताना पल्स 120 च्या वर किंवा बी.पी. 180/100 च्या वर असलेला, चालताना चक्कर येऊन पडल्याचं सांगणारा, छातीवर खरखरीत मर्मर (ठोक्यांमधला जादा आवाज) ऐकू येणारा. महाधमनीची झडप आकसलेल्या माणसाला जिना चढवून तपासणं म्हणजे चाचणी नव्हे, अपघात आहे. त्याचा इको आधी. चाचणी चालू असताना छातीत दुखलं, पाय लटपटले, चेहरा पांढरा पडला, घाम फुटला किंवा सॅच्युरेशन 80 च्या खाली गेलं की तिथेच थांबवायचं. ऑक्सिजन आणि बी.पी.चं यंत्र व्हरांड्यात आधीच आणून ठेवलेलं असावं. खुब्याचं हाड मोडलेली आजी समोर असेल तर कसली चालण्याची चाचणी? ‘पडायच्या आदल्या आठवड्यात काय काय करत होत्या?’ एवढंच विचारा; तिथे तपासण्यांसाठी दिवस घालवणं तिला जास्त महागात पडतं.

एवढं करून हाती काय येतं? तीन गठ्ठे पडतात. प्रश्नावली चांगली, दोन जिने न थांबता, सॅच्युरेशन टिकलेलं: पुढे जा, उगाच इको मागवून त्यांचे दोन दिवस आणि पैसे घालवू नका. स्पष्ट वाईट: मोठी शस्त्रक्रिया तुमच्याकडे करू नका, जिथे आय.सी.यू. आहे तिथे पाठवा. मधला गठ्ठा सर्वांत मोठा, आणि आपली खरी मेहनत तिथेच लागते. शस्त्रक्रिया घाईची नसेल तर चार-सहा आठवडे मागून घ्या. विडी बंद, इनहेलर बरोबर ओढायला शिकवणं, लोह, रोज दोन वेळा चालणं, श्वासाचे व्यायाम. मग त्याच व्हरांड्यात पुन्हा चालवा. 30 मीटरच्या आसपास किंवा जास्त वाढ झाली तर ती खरी सुधारणा धरता येते. मात्र दुसऱ्यांदा चालताना नुसत्या सरावानेही थोडं अंतर वाढतं, म्हणून शक्य तेव्हा मी सुरुवातीलाच, मध्ये अर्धा-एक तास विश्रांती देऊन, दोनदा चालवतो आणि जास्त भरलेलं अंतर धरतो.

फिजिशियनकडे ‘फिटनेस’साठी पाठवताना नुसतं तेवढंच लिहू नका, उत्तरही मग ‘फिट’ एवढंच येतं. प्रश्न लिहा. माझ्या केसपेपरवरची नोंद साधारण अशी असते: ‘वय 62, पुरुष, पित्ताशय, दुर्बिणीतून. ड्यूक 24. सहा मिनिटांत 310 मीटर, चौथ्या मिनिटाला एकदा थांबले, दमामुळे, गुडघे ठीक. सॅच्युरेशन 96 वरून 90. श्वास सोडायला 8 सेकंद. हिमोग्लोबिन 13. विडी चालू. विचारायचं: श्वासनलिकांचा आजार किती, इनहेलरने किती सुधारेल, आणि हृदयाचा त्यात वाटा आहे का?’